केसांवर वाटी

चौथा महिना लागला आणि केस सुटले.
आधी फणीत, मग उशीवर,
मग न्हाणीच्या जाळीत एवढा गोळा
की सासऱ्यांना वाटलं उंदीर मेलाय.
काठी घेऊन आले.
मी काही बोलले नाही.

सासू म्हणाली, चेडू हसाक लागला
काय आवशीचे केस झडतत.
माजेय झडले गो.
म्हणजे हिशेब असा
की तिने एकदा हसायचं
आणि मी मूठभर द्यायचे.
ती तर पंख्याकडे बघूनही हसते.

हळिवाचे लाडू झाले. माक्याचं तेल झालं.
मेथरांच्या कुंपणावरची जास्वंद
न विचारता आणून झाली.
लग्नात फोटोवाला म्हणाला होता, वेणी पुढे घ्या,
अबोलीचे तीन वळेसर बसले होते तिच्यावर.
आता रबरबँड पाच वेढे घेतो, तरी निसटतो.
भांग रुंद झालाय,
ओहोटीला पुळण उघडी पडते तसा.
नाही, तसा नाही.
पुळणीवर पाणी परत येतं हे मला माहीत आहे.

नवरा अकरा दिवस ट्रॉलरवर.
रेंज आली की विचारतो, बाळ कसं आहे.
बरं आहे, म्हणते.
एकदा म्हणाला, डब्यातल्या सुक्या बांगड्यात केस निघाला,
लांब होता, तुझाच.
टाकलास?
वाऱ्यावर गेला, म्हणाला.
आणि रेंज गेली.

त्या रात्री ती रडायला लागली ती थांबेचना.
पाजलं. ढेकर काढला. पोटाला ओव्याचा शेक दिला.
सासूने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
ठसका सगळ्यांनाच लागला,
म्हणजे नजर नव्हती.
दोन वाजता मी तिचा मोजा काढला.
डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट
पिकल्या करवंदासारखं झालेलं.
त्याच्याभोवती, मोबाईलच्या उजेडातही जेमतेम दिसणारा,
माझा एक केस.
सात वेढे. की आठ.

मालवणला न्यायला त्या वेळी रिक्षा कुठली.
सासऱ्यांनी बस्त्यांवला उठवून आणलं,
सर्जेकोटच्या धक्क्यावर जाळी सांधतो तो.
चष्मा त्याने लावलाच नाही.
डोळे मिटून नखाने चाचपत राहिला,
कितीतरी वेळ.
घट्ट धर गो. माका नाय, तिका.
मग ब्लेडचं टोक, एकदाच.
रक्ताचा एक थेंब आला
आणि बोट हळूहळू लाल, हळूहळू गुलाबी.
त्याने केसाचा तुकडा उजेडात धरला, ताणून पाहिला.
ह्यो तंगूस तुजो, म्हणाला, मजबूत आसा.
सगळे हसले.
ती झोपली होती, म्हणून नाही हसली.

गुरुवारी केसांवर भांडी देणारी आली.
मी खुंटीवरची पिशवी दिली.
तिने एक केस ओढून टोक बघितलं,
बाळंतिणीचे? म्हणाली. मुळासकट आहेत.
मग भाव जास्त का?
नाही, नुसतं ओळखलं.
डोक्यावरचा पदर तिने घट्ट खोचलेला होता.
एक स्टीलची वाटी मिळाली,
घासाघीस करून चमचा.
वाटीचं बूड टेकत नाही, डुगडुगते.
उष्टावणाला चालेल.

त्याच आठवड्यात जावळ काढायचं ठरलंय.
तिच्या केसांना मामाची मांडी,
नारळ, पेढे, कणकेच्या गोळ्यात घालून खाडीत सोडणं.
माझे पावशेर भरले.

मोजे मी फेकून दिले.
आता ती उघडा पाय धरून तोंडात घालते,
नेमकं तेच बोट,
आणि माझ्याकडे बघून हसते.
मी डोक्याला रुमाल बांधते.